दावणीला बांधलेलं घर

पालीच्या शिवारात कोणतं घर कसं चाललं आहे, हे विचारावं लागत नाही. वस्तीवर पाय ठेवला की आधी कडब्याच्या वळईकडे बघायचं. फाल्गुनात ज्वारी निघते तेव्हा सगळ्यांच्याच वळया उंच असतात. त्या उंचीला फारसा अर्थ नाही. खरी परीक्षा अश्विनात होते. मधल्या उन्हाळ्याची काहिली आणि पावसाळ्याची झड काढून वर्षाच्या या टोकाला ज्याच्या दारात अजून शे-दीडशे पेंढ्या शिल्लक आहेत, त्या घरात पुढचा विचार करणारं माणूस आहे, असं आमच्याकडे धरून चालतात. मीही तसंच धरतो. सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे पूर्वी चहा घेता घेता गोठ्याकडे आणि वळईकडे एक नजर टाकून घेत. त्यांना जे कळायचं ते त्या नजरेत कळायचं.

बीडहून सोलापूरच्या दिशेने निघालं की शहर मागे पडता पडता खजाना विहीर येते आणि थोडं पुढे पाली. एका अंगाला बालाघाटाचे डोंगर, दुसऱ्या अंगाला बिंदुसरा प्रकल्पाचं पाणी, जवळून जाणारा धुळे–सोलापूर महामार्ग. बिंदुसरा नदी याच डोंगरांत उगवते, पालीजवळ अडते, तिथून सुटली की बीड शहराच्या मधून वाहते आणि पुढे सिंदफणेला मिळून गोदावरीची होते. डोंगराकडची जमीन बरड, मुरमाड, पावसाचं पाणी लगेच सोडून देणारी. नदीच्या अंगाची काळी, ओल धरून ठेवणारी. माझ्या चुलत्यांची वस्ती या दोन मातींच्या सीमेवर आहे. पत्र्याचं घर, पुढे अंगण, अंगणाला लागून गोठा, मागे परस, परसापलीकडे शेत. चुलत्यांना सगळे बप्पा म्हणतात, मीही. चुलती म्हणजे काकू. अश्विन-कार्तिकात मी जमेल तसा तिथे राहायला जातो, कारण वर्षातला तो काळ मला सगळ्यांत जास्त कळतो.

हस्ताचा पाऊस हा आमच्याकडचा निर्णायक पाऊस. जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही कसा पडेल याचा नेम नसतो. मृग चुकला तर खरीप जातं; हस्त चुकला तर रब्बी आणि पुढचा चारा दोन्ही जातात. सप्टेंबरच्या शेवटी हस्त लागतं, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात चित्रा, आणि दिवाळीच्या तोंडाशी स्वाती. या तीन नक्षत्रांत वस्तीवरचं सगळं काम उलटंपालटं होतं. उडीद-मूग घरात आलेले असतात, सोयाबीन पडलेलं असतं, कपाशी फुटू लागलेली असते, आणि त्याच वेळी काळ्या रानात ज्वारीसाठी तिफण निघते. बैलांच्या शिंगांवरचा पोळ्याचा रंग अजून गेलेला नसतो.

घटस्थापनेला काकू शेतातली माती पाटीत आणतात. ती कुठल्याही शेतातली चालत नाही, ज्या तुकड्यात ज्वारी घालायची तिथलीच लागते. पत्रावळीवर ती माती पसरून त्यात गहू, ज्वारी, हरभरा, करडई, जवस असं घरातल्या बियाण्याचं धान्य पेरतात आणि मधे घट बसवतात. नऊ दिवस पाणी शिंपडायचं. दसऱ्यापर्यंत पिवळसर कोंब वीतभर होतात आणि ते टोपीत खोवून पुरुष सीमोल्लंघनाला निघतात. हे देवीचं आहेच. पण काकू नवव्या दिवशी वाकून बघतात ते वेगळंच असतं. कोणतं धान्य दाट उगवलं, कोणतं विरळ, हरभऱ्याचं बी कुजलं का, गेल्या साली साठवलेली ज्वारी किती जिवंत आहे. ज्याची उगवण कमी, त्याचं बी शेजारून मागून आणायचं, किंवा तिफणीला हात जरा सैल सोडायचा. देव्हाऱ्यासमोर बसून केलेली ही बियाण्याची तपासणी मला फार मोलाची वाटते. पिकाची पहिली खबर तिथे बाईच्या हाती येते आणि पुरुष तिच्याकडून विचारून घेतात.

वस्तीवरची सकाळ जनावरांच्या मर्जीने उगवते. पहाटे अजून डोंगराची कड दिसत नसते, तेव्हाच दावणीला हालचाल सुरू होते. गायीने एकदा हंबरायचं, मग शेळ्यांनी ओरडायचं, मग बप्पांनी खोकायचं, हा क्रम ठरलेला. आधी शेण भरायचं. रात्रीचं शेण आणि मूत मिसळलेला गोठ्यातला पाला-पाचोळा, जनावरांनी टाकलेली कडब्याची धांडं, सगळं पाटीत भरून उकिरड्यावर. मग गव्हाणीत कुटी टाकायची, वासराला सोडून पान्हा येऊ द्यायचा, आणि धार. चहा त्यानंतर. मी एकदा आधी चहा मागितला तर बप्पा एवढंच म्हणाले, "तिला पाणी दाव आधी. तुला बोलता येतंय, तिला नाही."

गाय लाल कंधारी आहे. नांदेड जिल्ह्यातल्या कंधारच्या नावाने ओळखली जाणारी ही जात लातूर, परभणी, बीडपर्यंत पसरलेली. गडद तांबडा रंग, डोळ्याभोवती काळी कड, लांब कान. दूध फार नाही, चांगल्या दिवसांत तीन-चार लिटर. संकरित गाय याच्या तिप्पट-चौपट देते हे बप्पांना माहीत आहे. गावात अनेकांनी ठेवल्यात आणि डेअरीच्या पगारावर घरं चालवलीत, त्यात खोटं काही नाही. पण संकरित गायीला सरकी पेंड लागते, वेळेवर डॉक्टर लागतो, एप्रिलच्या उन्हात तिच्या अंगावर पाणी मारावं लागतं. पाणीच नसलं तर काय मारणार? लाल कंधारी आमच्या उन्हात उभी राहते, वाळलेल्या कडब्यावर तग धरते आणि दोन-तीन लिटर का होईना देत राहते. दुष्काळी मुलखात जनावराची किंमत त्याच्या सगळ्यांत वाईट वर्षातल्या वागण्यावरून करावी, असं माझं मत झालं आहे.

बैल देवणी. लातूर जिल्ह्यातल्या देवणीचे. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असले तर शेवेरा, तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या असल्या तर वानेरा, जवळजवळ सगळा पांढरा असला तर बालंक्या. नेकनूरच्या बाजारात जुनी माणसं अजून या नावांनी सौदा करतात. २०२२ साली लंपी आला तेव्हा तो बाजारही बंद झाला होता. राज्यभर जनावरांची ने-आण थांबली होती. अंगभर गाठी, पायाला सूज, ताप, खाणं बंद. बप्पा-काकूंनी आपली जनावरं शेजाऱ्यांच्या जनावरांपासून लांब बांधली, कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केला, लस टोचून घेतली, आणि चांगले महिनाभर रात्री उठून एकेकाच्या पाठीवर हात फिरवत राहिले. गाठ हाताला आधी लागते, डोळ्याला नंतर दिसते.

शेळ्यांचं तंत्र निराळं. आमच्याकडच्या बहुतेक शेळ्या उस्मानाबादी. काळ्याभोर, लोंबत्या कानांच्या, पुष्कळदा जुळं देणाऱ्या. शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. जेठ-आषाढात नव्या हिरव्यावर माजावर आलेली शेळी कार्तिकात विते, आणि म्हणून दिवाळीच्या सुमारास वस्तीवर करडांची उडी-पळापळ असते. तेव्हा रानात शेंगांचे वेल, बाभळीचा पाला, बोरीची पानं, बांधावरचं पिकलेलं गवत असं सगळं असतं; आईला दूध उतरतं. जी तारीख निसर्गाने साधून ठेवली आहे ती शेळीवाल्याने बिघडवू नये. विसाव्या पशुगणनेत, म्हणजे २०१९ साली, राज्यात शेळ्या एक कोटीच्या वर भरल्या. त्यांतल्या किती विधवा बायांच्या, किती भूमिहीनांच्या, किती शिकणाऱ्या पोरींच्या नावाने सांभाळलेल्या असतील, हे गणनेच्या तक्त्यात येत नाही. आमच्या भागात वही-पुस्तकाचा, एस.टी.च्या पासचा, दवाखान्याचा खर्च बोकडावर निघतो. बँकेत जाऊन सही करायची गरज नसते; बाजाराचा दिवस उजाडायची तेवढी वाट बघायची.

या शेळ्या डोंगरावर सगळं खातात, एक सीताफळ सोडून. त्याच्या पानाला तोंड लावत नाहीत. बालाघाटाच्या उघड्या बोडक्या उतारांवर दुसरी झाडं तुटली, चरली गेली, पण सीताफळ राहिलं, त्याचं मोठं कारण हे आहे. खडकाच्या फटीत मूळ घालून, कुणी पाणी न घालता, ते दर अश्विनात फळाला येतं. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. अंबाजोगाईला सीताफळाचं संशोधन केंद्र आहे आणि ‘धारूर ६’ ही निवड याच डोंगररांगेतल्या धारूरच्या नावाची. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत डोंगरकडच्या बाया पहाटे फळं तोडतात, डोळा उघडलेली तेवढीच घेतात, आणि टोपल्या घेऊन महामार्गाच्या कडेला बसतात. मोठमोठ्या गाड्या थांबतात, काच खाली होते, भाव होतो. उरलेल्या पाल्याचं काम वेगळं. काकू सीताफळाची, कडुनिंबाची, रुईची, निरगुडीची पानं गोमूत्रात कुजत घालतात आणि तो अर्क गाळून भाजीवर मारतात. जे पान शेळी टाळते ते मावाही टाळतो, हे त्यांनी कुठल्या शिबिरात ऐकलेलं नाही.

आता परसाकडे यायला हवं, कारण कार्तिकात या घराचं चित्त तिथे असतं.

पावसाळ्यात परस वेलांचा असतो. दोडका, कारली, भोपळा, काकडी, कुंपणावर वाल. हस्त उघडला की काकू वेल उपटतात. सगळे नाही, वालाला हात लावत नाहीत, त्याचा बहर पुढेच असतो, आणि एकेक दोडका, एकेक भोपळा बियाण्यासाठी वाळायला ठेवलेला असतो. मोकळी झालेली जागा कुदळीने खणून आठवडाभर तशीच उन्हात टाकायची. ऑक्टोबरचं ऊन कडक, जमिनीतले किडे-अंडी त्यात मरतात. मग गेल्या वर्षीचं, चाळलेलं, हातात घेतलं तर भुरभुर सुटणारं शेणखत आणि शेळीच्या लेंड्या. लेंड्या ओल्या वापरत नाहीत, त्यांची ऊब कोवळ्या मुळाला सोसत नाही. नंतर वाफे. मोरीचं पाणी, भांड्याचं पाणी, जनावरांच्या हौदातलं सांडपाणी, तिन्हींना चर काढून दिलेला आहे आणि तो आळूच्या गड्ड्यांपासून सुरू होतो. आळू-केळीतून निवळलेलं पाणी पुढे वाफ्यांना. वापरलेला पाण्याचा थेंब इथे दुसऱ्यांदा कामाला लागतो. वर्षाचे चार महिने टँकर बघितलेल्या गावाला हे कुणी शिकवावं लागत नाही.

पेरायचं काय? मेथी, शेपू, पालक, चुका, मुळा, गाजर, कोथिंबीर, आणि लसूण. मेथी दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने वाफ्यावाफ्यात, म्हणजे एकदम येऊन फुकट जात नाही. धने पेरण्याआधी चपलेखाली हलके रगडून दोन फाकी करायच्या, नाहीतर उगवायला पंधरा दिवस लावतात. लसणाच्या पाकळ्या टोक वर करून, बोटाच्या एका पेराएवढ्या खोल. मोठ्या पाकळ्या लावायच्या, बारक्या भाजीत. पुष्कळ जण उलटं करतात आणि मग गड्डा बारीक आला म्हणून नशिबाला दोष देतात. एका कोपऱ्यात वांग्या-मिरच्यांची रोपं आधीच झालेली असतात, दुसऱ्या कोपऱ्यात उन्हाळी कांद्याचं रोप टाकलेलं. वाफ्यावर चुलीतली राख शिंपडतात. भोवती बोरीच्या काट्यांची वई, कारण कोंबड्या आणि करडं दोघांनाही मेथीचा कोंब फार आवडतो. मोरांचा त्रास निराळा. पाटोदा तालुक्यात नायगावला १९९४ पासून मयूर अभयारण्य आहे, पण मोराला अभयारण्याची हद्द कोण सांगणार? ते सगळ्या बालाघाटात हिंडतात, सकाळी येऊन वाटाण्याचे दाणे ओळीने उकरून खातात. काकू हाकलतात, पण दगड उचलत नाहीत.

कार्तिकाच्या मध्याला पहाटे दव पडायला लागतं. मेथी चौथ्या-पाचव्या दिवशी उगवलेली असते, आणि मग दिवसाच्या वेळा परसाच्या होतात. उन्हं वर यायच्या आत पाणी, संध्याकाळी निंदणी. कोवळी मेथी, हरभऱ्याचे शेंडे, कांद्याची पात, कच्चंच चिरून तेल-मीठ-शेंगदाण्याचा कूट घालून केलेला घोळाणा आणि बाजरीची भाकर. आमच्याकडच्या थंडीचं तोंडी लावणं म्हणजे हा घोळाणा. शहरातल्या बाजारात हीच मेथी मिळते. तिच्यात परसाची चव उतरत नाही. तोडणं आणि खाणं यांत ती फार वेळ थांबलेली असते.

या भूमीला बागेचा सोस जुना आहे. पालीच्या वाटेवरची खजाना विहीर निजामशाहीतली, १५८२ च्या सुमाराची, सलाबतखानाच्या काळातली. विहिरीतून निघालेल्या भुयारी नहरांनी खालच्या बलगुजारच्या बागा भिजत असत. पाणी उपसून वर आणायचं नाही, उताराने जमिनीखालून न्यायचं, म्हणजे उन्हाने उडत नाही. काकूंचा मोरीचा चर आणि तो नहर यांत आकाराचा फरक आहे, बुद्धीचा नाही.

वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते. त्या दिवशी घरात दूध-तूप खायचं नाही, गहू नाही. बाजरीची भाकर आणि गवारीची भाजी. एक दिवस तरी वासराच्या वाट्याचं सगळं वासराला. पोरं लव्हाळ्याच्या दिवट्या करून संध्याकाळी दावणीला ओवाळायला येतात, पाडव्याला अंगणात शेणाच्या गवळणी मांडल्या जातात. कार्तिकी पौर्णिमेला पुढे मांजरसुंब्याजवळ कपिलधारला मन्मथस्वामींची यात्रा भरते आणि बीडच्या बाजूने येणाऱ्या दिंड्या पालीवरूनच जातात. काकू त्यांना ताक पाजतात. गायीला दूध कमी असलं तरी त्या दिवशी ताक पातळ होतं, थांबत नाही.

पण याच दिवसांत, याच रस्त्याने दुसरीही माणसं जातात. दसरा झाला की ऊसतोडीच्या मुकादमांच्या फेऱ्या वाढतात, उचल दिलेल्यांची नावं पुन्हा मोजली जातात, आणि दिवाळीच्या आगेमागे ट्रक भरतात. बैल, गाडी, पाण्याची टाकी, ताडपत्री, पीठ, मिरची, चुलीचे तीन दगड, लेकरं. पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. माणसांची मोजणीच हत्याराने होते. कारखान्याचा गाळप हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो आणि तोवर बीड जिल्ह्यातली अनेक गावं म्हाताऱ्यांची आणि मागे ठेवलेल्या लेकरांची असतात. रात्री वस्तीवर झोपलं की घाटातून चढणाऱ्या ट्रकांचा आवाज येतो, आणि एखाद्या ट्रकात बैलाच्या गळ्यातली घुंगरं वाजतात. ती ऐकली की बप्पा कुशीवर वळतात. ऐन तारुण्यात त्यांनीही कोयता धरलेला आहे.

त्यांनी तो का सोडला हे मी त्यांना एकदा विचारलं. त्यांनी काकूंकडे बोट केलं. एका हंगामात घरी दोन गाभण शेळ्या होत्या आणि आजी आजारी होती. काकू म्हणाल्या, मी येत नाही. जोडी मोडली म्हणजे कोयता मोडला. त्या वर्षी उचल फेडायला बैल विकावा लागला. पण शेळ्यांना चार करडं झाली, पुढच्या वर्षी दोन पाटी राहिल्या, मग गाय आली. गायीसाठी ज्वारी वाढवली, ज्वारीने कडबा दिला, शेणाने परस धरला. पोरांची शाळा एकाच गावात झाली. एवढं सांगून बप्पा उठले, कारण गाय हंबरत होती.

माझं सगळं म्हणणं या हकिकतीत आहे. जनावर माणसाला अडकवून ठेवतं अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो: गावाला जाता येत नाही, लग्नाला थांबता येत नाही, आजारी पडायची सोय नाही. खरं आहे. पण जिथे दर कार्तिकात घरंच्या घरं उचलून दुसऱ्याच्या फडात नेऊन टाकली जातात, तिथे हे अडकणं आधाराचं आहे. ज्याच्या दावणीला जनावर आहे आणि परसात भाजी आहे, त्या घरातलं एक तरी माणूस मागे राहतं, आणि ते राहिलं की लेकरू राहतं, चूल राहते. काकूंनी ‘नाही’ म्हणताना हे सगळं मनात मांडलं असेल असं मला वाटत नाही. शेळी विण्याच्या बेतात होती एवढंच त्यांना दिसत होतं.

दुष्काळात हे नातं उलट्या बाजूनेही दिसलं. १९७२ ची आठवण सांगणारी माणसं आता थोडी राहिली आहेत, सुकडी आणि तांबड्या मिलोची चव सांगणारी. २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ हे आमच्या पिढीचे. धरणाच्या तळाला भेगा पडल्या की गावाचा चेहरा बदलतो. २०१९ च्या उन्हाळ्यात जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या होत्या, आणि जनावरांमागे माणसंही तिथेच राहायला गेली. बाया तीन दगडांच्या चुलीवर तिथेच भाकरी करत, रात्री गायीच्या शेजारी गोधडी टाकत. घर गावात रिकामं आणि संसार छावणीत. जनावर विकून मोकळं होता आलं असतं, पुष्कळांनी विकलीही. पण ज्यांनी राखली, त्यांच्याकडे पाऊस आला तेव्हा पेरायला बैल होते. शिरूर कासार तालुक्यातल्या दहिवंडीचे शब्बीर सय्यद यांना त्याच २०१९ साली गोपालनासाठी पद्मश्री मिळाली. शेणखत हा त्यांचा मोठा आधार. अशा जिल्ह्यात अशा वर्षी गायींचा मोठा कळप उपाशी न ठेवणं म्हणजे काय, हे छावणीत एक रात्र काढलेल्या माणसालाच कळेल.

आणि मग २०२५ चा सप्टेंबर. पाण्यासाठी वाट बघणाऱ्या मराठवाड्यावर पाणी कोसळलं. सिंदफणेला, गोदावरीला पूर आले, काढणीला आलेलं सोयाबीन उभ्या रानात कुजलं, माती खरवडून गेली, दावणीला बांधलेली जनावरं कितीएक ठिकाणी बांधल्या जागी गेली. बिंदुसरेने बीड शहराला १९८९ च्या जुलैमध्ये आपला धाक दाखवला होताच. लहान नदी म्हणून कुणी तिला हलकं धरत नाही. वस्तीवर वळईचा खालचा थर काळा पडला, बुरशी धरली. तो जनावराला घालता येत नाही, उकिरड्यावर जातो. उरलेल्या पेंढ्या काकूंनी एकेक सोडून अंगणात उभ्या करून वाळवल्या.

कडब्यावर मी एवढा का थांबलो, ते आता सांगतो. मराठवाड्यातल्या रानाने गेल्या तीस-चाळीस वर्षांत कापूस आणि सोयाबीन धरलं. दोन्ही नगदी, दोन्हींना बाजार. शेतकऱ्याने धरलं त्यात चूक काढण्याचा अधिकार मला नाही. पण कापसाची पऱ्हाटी जळणाला जाते आणि सोयाबीनचं भुसकट जनावर नाइलाजाने खातं. कडबा फक्त ज्वारी देते. ज्वारीचा पट्टा आखडला तसा कडबा महाग झाला, कडबा महाग झाला तशी दावण रिकामी झाली. ट्रॅक्टरने बैलाचं काम घेतलं, त्याचं वाईट वाटून घेण्याचं कारण नाही. बप्पांची नांगरटही ट्रॅक्टरनेच होते. पण ट्रॅक्टर शेण देत नाही. शेण गेलं की परस उजाड, आणि परस गेला की कार्तिकात मेथीची जुडी सुद्धा बाजारातून आणायची. पालीच्या रस्त्यालगत अशी कितीतरी घरं आता दिसतात. भिंती पक्क्या, अंगणात फरशी, मागे काहीच नाही.

बप्पांची ज्वारी मालदांडी. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रात, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, गावरान मालदांडीतून निवडलेलं ३५-१ हे वाण आजही रब्बीत मागे हटलेलं नाही. नवी वाणं धान्य जास्त देतात, पण मालदांडीची भाकर गोड आणि कडबा उंच, पानाळ, जनावर निवडून टाकत नाही असा. जमिनीत जिरलेल्या ओलीवर आणि थंडीवर ती येते, पाणी मागत नाही. एक सांभाळायचं: कोवळी ज्वारी जनावराला विषारी असते. पोटरीत येण्याआधीच्या, विशेषतः ताण पडून सुकलेल्या ताटात जे द्रव्य असतं त्यातून पोटात गेल्यावर हायड्रोसायनिक आम्ल सुटतं, आणि जनावर घटकाभरात आडवं होतं. फुलोऱ्यानंतर हा धोका ओसरतो. म्हणून कार्तिकात ज्वारी गुडघ्याएवढी असताना बप्पा शेळ्यांच्या मागे स्वतः जातात, पोरांवर सोडत नाहीत.

हे वाचणाऱ्यांत ज्यांची शेती आहे, त्यांना माझी एक विनंती आहे. सोयाबीन निघालेल्या रानात, सगळ्या नाही, बांधाकडच्या एका पट्ट्यात ज्वारी पेरा. भाव बघून पेरू नका; वळईसाठी पेरा. जनावर नसलं तरी पेरा. शेजारच्या दावणीला तो कडबा लागेल आणि त्याच्या बदल्यात गाडीभर शेणखत मिळेल. ओल असेल तोवर, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेर आटोपली पाहिजे. स्वाती लागल्यावर पेरलेल्या ज्वारीला शेवटी ओल पुरत नाही.